मर म्हणाली ती

पहिल्याच भेटीत एखादी मुलगी तोंडावर "मर" म्हणाली, तर शहाण्या माणसाने काय करावं? काढता पाय घ्यावा. हा मात्र टेबलाला कोपर टेकून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मी?"

"तुम्ही नाही हो," ती वैतागून म्हणाली. "तुमची झाडं. मर रोग आहे हा. झाड हिरवंच्या हिरवं असतं आणि मान टाकतं. नाव काही मी ठेवलेलं नाही."

"हां... मला वाटलं, ऐन जेवणाच्या वेळेला आलो म्हणून."

तसं वाटलं असतं तरी त्याची चूक नव्हती. पीक सल्ला केंद्राच्या त्या खोलीत राग हा एक कायमचा कर्मचारी होता. खोली कसली, दोन स्टुलं, एक सूक्ष्मदर्शक, एक गळका नळ आणि सडक्या पानांचा वास. लोक रोगट पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे, गाठ मारायचे, गाडीच्या डिकीत विसरायचे आणि मग तो लगदा तिच्यासमोर ओतून विचारायचे, "ताई, काय झालंय हो?" कोणी एकच पान आणायचा. तेही किडक्याऐवजी चांगलंसं निवडून, जणू मुलगी दाखवायला आणलीय. ती भडकायची. "घरचं माणूस आजारी पडलं की अख्खं माणूस दवाखान्यात नेता ना? की नुसता कान कापून पिशवीत घालता?" लोक तिला तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणत. पाठीमागे मिरची म्हणत. तिला दोन्ही माहीत होतं.

आणि हा बाबा मुळासकट, मातीसकट अख्खं टोमॅटोचं झाड घेऊन आला होता, ओल्या वर्तमानपत्रात लहान मुलासारखं गुंडाळून. बोलायला कुठे जागाच ठेवली नव्हती. त्याचाही तिला रागच आला.

"फवारलं काय काय?"

त्याने तीन औषधांची नावं सांगितली. तिला हवी होती ती जागा सापडली.

"तीन? रोग मातीतून मुळात शिरतो, मुळातून खोडात चढतो, आतल्या आत पाण्याची वाट बंद करतो, आणि तुम्ही पानांना आंघोळी घालताय? जखम मांडीला आणि मलम शेंडीला."

"दुकानदार म्हणाला—"

"दुकानदार म्हणणारच. उद्या तुम्ही नुसते शिंकलात तरी तो बाटलीच देईल. आणि तुम्ही ती घ्याल."

"मग तुम्ही काय देणार?"

"पाणी," ती म्हणाली.

तिने काचेचा पेला धुऊन भरला. खोडाचा बोटभर तुकडा धारदार पात्याने कापला आणि चिमट्यात धरून पाण्यात अर्धवट सोडला. "हलू नका. श्वासही टेबलावर सोडू नका." दोघं दोन बाजूंनी वाकले. पेला एवढासा, दोन डोकी त्याच्यावर... त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि टोमॅटोच्या पाल्याचा वास येत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खोडाच्या कापातून एक पांढरा धागा निघाला. दुधाचा असावा तसा, केसाइतका बारीक, सरळ खाली उतरत गेला. मग दुसरा निघाला.

"किती सुंदर दिसतंय," तो हळूच म्हणाला.

"जंतू आहेत ते. लाखोंनी. तुमचं पीक खाणार आहेत."

"तरी सुंदर दिसतंय."

तिने वर पाहिलं तर तो पेल्याकडे बघतच नव्हता.

"पेल्यात बघा," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या उगीचच गरम झाल्या.

"याला औषध?"

"नाही." हे सांगताना एरवी ती कडक असायची. आज आवाज जरा खाली आला. "गेलेली झाडं मुळासकट उपटून खोल पुरायची. त्या जमिनीत पुढची काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, काही नाही. मका घ्या."

आधी तो ट्रक चालवायचा, दुसऱ्यांचे टोमॅटो बाजारात पोचवायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचे लावले होते. हे त्याने रडगाणं म्हणून नाही, सहज सांगितलं, आणि तिला कोण जाणे कुणाचा, पण भयंकर राग आला. आता खोदून मुळापर्यंत जायचं, तिने ठरवलं.

"रोपं कुठून घेतलीत?"

"वळणावरची रोपवाटिका नाही का, हिरव्या जाळीची? तिथून. मालक फार गोड बोलतो."

ती पेल्याकडे बघत राहिली. धागे उतरतच होते. वळणावरच्या हिरव्या जाळीच्या रोपवाटिकेचा गोड बोलणारा मालक म्हणजे तिचे बाबा.

"मी... उद्या शेत बघायला येते," एवढंच ती म्हणाली.

*

ती शेतावर सहसा जात नसे. त्यामुळे त्याला वाटलं, आपलं नशीब उघडलं. दुपारच्या उन्हात तो बांधावर दोन टोप्या घेऊन उभा होता, एक स्वतःसाठी आणि एक तिच्यासाठी. तिने टोपी घेतली आणि आभार न मानता घातली.

शेताचे सरळ दोन भाग दिसत होते. डावीकडची झाडं ताठ उभी, पानं तुकतुकीत. उजवीकडची माना टाकून बसलेली.

"संध्याकाळी उठतात बिचारी," तो म्हणाला. "रात्रभर बरी असतात. दुपार झाली की पुन्हा तेच. माझंही हल्ली तसंच व्हायला लागलंय."

"काय होतं?"

"मान खाली. कशात जीव नाही. मग संध्याकाळी वाटतं, उद्या काहीतरी निमित्त काढून सल्ला केंद्रात जावं... की लगेच तरतरी येते."

"मग तुम्हालाही मुळासकट उपटावं लागेल."

"उपटा की. फक्त नेणार कुठे, ते सांगा."

ती हसली. तिचं हसणं फार कमी लोकांनी पाहिलं होतं. समोरचे दात किंचित एकमेकांवर चढलेले, आणि हसली की नाकाला बारीक सुरकुती पडायची. त्याने ते सगळं नीट बघून घेतलं. तेवढ्यात तिला बाबा आठवले आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"डावीकडची रोपं?"

"ती मीच घरी केलेली. रोपवाटिकेची कमी पडली म्हणून. विहीर एकच, खत एकच." त्याने दोन्ही भागांकडे पाहिलं. "म्हणजे... रोग त्यांच्या रोपांतूनच आला का?"

उत्तर समोर दोन भागांत उभं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"अजून सांगता येत नाही," ती म्हणाली.

सरकारी साहेबाला तोंडावर "तुम्हाला कळत नाही" म्हणणारी ही मुलगी! दुकानदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी! ती त्या दिवशी बांधावर उभं राहून धडधडीत खोटं बोलली, तेही नेमकं ज्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं त्याच्याशी.

*

घरी येऊन तिने जाळीखालच्या वाफ्यांतली थोडी रोपं उपटली आणि स्वयंपाकघरातला पेला काढला.

"प्यायच्या पेल्यात ती घाण घालू नकोस गं," आई म्हणाली.

रोपं हिरवीगार होती, कोवळी. खोड कापून पाण्यात धरलं. धागा निघाला. दुसरं रोप, पुन्हा धागा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगभरच्या पिकांची नाडी बघणारी बाई, आणि रोग तिच्या घराच्या मागच्या दारात पोसला जात होता. पेला तिने इतक्या जोरात ओट्यावर ठेवला की बाबा आत आले.

"बाबा, ओढ्याचं पाणी घातलंत रोपांना?"

"मोटार जळाली होती. मग काय थुंकी लावून जगवायची होती रोपं?"

"वरच्या अंगाला वांग्याची शेतं मेली, त्यांचं पाणी ओढ्यात उतरतं. ते घालू नका म्हणून मी सांगितलं होतं की नाही?"

"तू सगळंच सांगतेस. त्यातलं काय ऐकायचं आणि काय नाही, हे कसं कळावं माणसाला?" बाबा हसण्यावारी न्यायला बघत होते. "आणि झालं काय एवढं? बघ की, पानं कशी तेजदार आहेत. परवा गाडी भरायचीय."

"तेजदारच असतात. तेजदार असतानाच मरतात. एका शेताची माती नासली आहे बाबा, आपल्यामुळे. परवाच्या गाडीने आणखी किती नासवायच्या?"

बाबांचं हसणं संपलं. ते स्टुलावर बसले. "हे बघ. विचारायला आलंच कोणी, तर सांग पाणी कमी पडलं. ऊन फार होतं. रोपं कोणाची मरत नाहीत जगात? पण एकदा बभ्रा झाला की माझ्या दारात कुत्रं फिरकणार नाही. तुझं शिक्षण याच रोपांवर झालंय, एवढं लक्षात ठेव."

"शिक्षण झालं ते खोटं बोलायला?"

"हळू बोल," आई म्हणाली. "चार घरं ऐकतात."

"ऐकू देत. मी तिथे बसून दुकानदाराला चोर म्हणते. आता घरात काय म्हणू?"

बाबा उठून गेले. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं, पण ते नुसतेच उठून गेले. तिच्या रागाला समोर कोणी उरलं नाही, म्हणून तो उलटून तिच्याच अंगावर आला.

*

दुसऱ्या दिवशी ती शेतावर गेली तेव्हा तो मेलेली झाडं उपटत होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. तो खुललेला चेहरा बघून तिला आणखीच वाईट वाटलं.

"ती रोपवाटिका माझ्या बाबांची आहे," ती एका दमात म्हणाली. "रोग त्यांच्याच रोपांतून आलाय."

त्याने हातातलं झाड खाली ठेवलं. "केव्हा कळलं?"

"पेल्यासमोर शंका आली. शेत बघितलं तेव्हा कळलंच. काल घरी खात्री केली."

"म्हणजे इथे, याच बांधावर मी विचारलं तेव्हा..."

तिने खाली बघतच मान डोलावली.

"वा," तो म्हणाला. "अख्ख्या जगाला फाडून खाता तुम्ही. आम्ही पिशवीला गाठ मारली तरी तुमचा तोल जातो. आणि माझ्या वेळेलाच तोंडाला कुलूप?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या म्हणण्याचा जेवढा राग येतो तेवढा खोट्याचा येत नाही.

"बाप आहे तो माझा," ती ओरडली. "एक दिवस लागला मला बोलायला. एकच. तुला काय वाटलं, तोंड आहे म्हणून सगळं सोपं असतं? तुझ्यासमोर उभं राहून माझ्या बापाला चोर म्हणायला जीभ वळली नाही माझी. बरं, मला लाज वाटली. पुरे?"

तुमचं तुझं झालेलं तिला कळलंही नाही. त्याला कळलं. एरवी तो त्यावर हवेत तरंगला असता, पण त्याच्या पायाशी उपटलेल्या झाडांचा ढीग होता.

"आता पुढे काय?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी गाडी आहे. ती मी जाऊ देणार नाही."

"मग तेवढं करा आधी," तो म्हणाला आणि पाठ फिरवून पुन्हा झाडं उपटायला लागला.

परतीच्या वाटेवर ती रडली, पण तेही दात-ओठ खात. गेला उडत, ती स्वतःशी म्हणाली. पाठ फिरवतो माझ्याकडे? पुढच्या वळणापर्यंत तिने हे बऱ्याच वेळा म्हटलं, आणि एकदाही तिचं तिलाच पटलं नाही.

*

सकाळी गाडी फाटकाशी लागली. रोपांचे ट्रे बाहेर काढून ठेवले होते, कोवळी हिरवी पानं वाऱ्याने हलत होती. ती आली, पहिला ट्रे उचलला, आणि गाडीकडे न जाता मागच्या खड्ड्याकडे गेली. पहाटेपासून तिनेच तो खोल केला होता. हात मातीने माखले होते, केस कपाळाला चिकटले होते. ट्रे तिने खड्ड्यात उलटा केला.

"ठेव ते खाली," बाबा म्हणाले.

"नाही."

"मी बाप आहे तुझा."

"म्हणून तर मी स्वतः आलेय. दुसऱ्या कोणाचे बाप असतात, तर नुसता कागद पाठवला असता."

गाडीवाला इकडून तिकडे बघत राहिला. आई दारात येऊन उभी राहिली. ती दुसरा ट्रे उचलायला वळली, तर तिथे आधीच कोणीतरी वाकलेलं होतं. फाटकाबाहेर त्याची मोटारसायकल उभी होती.

"कुठे टाकायचे?" त्याने विचारलं. "खड्ड्यातच ना?"

तिने मान हलवली.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"आपण ज्याचं पीक मारलं तो," ती म्हणाली.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आता हा आवाज चढवणार, बाबांनी आयुष्यभर सांभाळलेलं नाव चारचौघांत धुळीला मिळणार, हे तिला दिसत होतं. आणि त्याला तेवढा हक्कही होता.

"अर्धंच गेलं, काका," तो म्हणाला. "अर्धं मी घरी केलं होतं."

तो ट्रे घेऊन खड्ड्याकडे गेला. बाबांनी उरलेल्या ट्रेंकडे एकदा पाहिलं. मग गाडीवाल्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "ने बाबा परत. आज रोपं नाहीत." आणि घरात निघून गेले. त्याच दिवशी, आधी रोपं नेलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन करून रोगाचं सांगितलं. मुलीशी मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत.

*

बोलणंच बंद केलं त्यांनी. म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत. "तिला सांग, मोटार दुरुस्त झाली." "तिला सांग, वाफ्यांची जुनी माती काढून टाकली." ती समोरच बसलेली असायची. "बाबांना सांग," ती फणकाऱ्याने म्हणायची, "मी बहिरी झालेली नाही." "मी काय पोस्टमन आहे का?" आई म्हणायची आणि दोघांनाही वाढायची.

तरी कामं होत होती. ट्रे धुतले, वाफे उन्हात तापवले, ओढ्याचा पाइप तोडला. आणि तिने रानवांग्याचं बी आणलं. रानवांग्याच्या मुळाला हा रोग सहसा लागत नाही. त्याचं रोप तिरकं कापायचं, वर टोमॅटोचा शेंडा तितकाच तिरका कापून बसवायचा, बारीक चिमटा लावायचा. मग प्लास्टिकच्या बुटक्या मांडवात, ओल्या सावलीत ठेवून द्यायचं आणि अजिबात हलवायचं नाही. जमलं तर एकाची मुळं, दुसऱ्याची फळं.

हे शिकायला तो रोज यायचा. नासलेल्या भागात त्याने मका पेरला होता, नव्या जमिनीत ही कलमं लावायची होती. शिकायला एक दिवस पुरला असता. तो येतच राहिला. बाबांनी काही म्हटलं नाही. ते मांडवाच्या बाहेर पाठ करून बसायचे आणि स्वतःही कलमं बांधायचे. त्यांचा हात दोघांपेक्षा सफाईदार होता, हे तिला मान्य करावं लागलं. अर्थात मनातल्या मनात.

एका संध्याकाळी मांडवात दोघंच होते. प्लास्टिकवर आतून थेंब साचले होते आणि हलकेच टपटपत होते. त्याने एका कलमाचा चिमटा बोटाने चाचपला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

"धरलंय का बघतो."

"बघितलं की धरत नाही. जरा दम काढावा माणसाने."

तो बोट मागे घेऊन तिच्याकडे बघत राहिला. "अजून रागावलीयस माझ्यावर?"

"हो. पाठ फिरवलीस तू."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आलं होतं?"

"ते बघायला आला होतास. गाडी अडवते की नाही ते."

"नाही," तो म्हणाला. "तू अडवणार हे मला माहीत होतं. मी आलो, कारण... एकटीने अडवशील, ते मला आवडलं नसतं."

चिमटे उगीचच पुन्हा पुन्हा मोजल्यासारखं तिने केलं.

"मग?" ती शेवटी म्हणाली.

"मग काय?"

"मग काय म्हणजे? रोज येतोस. शिकून झालं तरी येतोस. आई तुझ्यासाठी वेगळा कप काढते. सल्ला केंद्रातला शिपाई सुद्धा मला विचारतो, टोमॅटोवाले आज नाही आले? सगळ्या जगाला कळलंय आणि तू अजून कलमंच शिकतोयस?"

"तुझ्या बाबांशी बोलायचं म्हणत होतो. पण ते तुझ्याशीच बोलत नाहीत, तर माझ्याशी..."

"बाबांशी कशाला?" आता मात्र ती खरोखर भडकली. "लग्न बाबांशी करायचंय का? मला विचार ना. मी इथे उभी आहे, हाताच्या अंतरावर, मला तोंड आहे—"

"तोंड आहे ते माहीत आहे."

"मग विचार."

तो हसायचा थांबला. त्याचे हात मातीचे होते, ते त्याने शर्टाला पुसले आणि तिचे हात धरले. तेही मातीचेच होते.

"करशील माझ्याशी लग्न?"

"हो."

"काय?"

"हो म्हणतेय ना!" ती ओरडली. मांडवाचं प्लास्टिक थरथरलं, थेंब सरसर खाली आले, दोघांच्या डोक्यावर पडले.

बाहेर कुणीतरी घसा खाकरला. आई तर केव्हाच घरात गेली होती. मध्ये कोणालाही न घालता बाबांचा आवाज थेट आत आला.

"अगं, हळू बोल. कलमं हलतील."